सकाळी साडेसातचं रक्त



मागच्या महिन्यात लॅपटॉपपुढे बसून पाठ कशी कामातून जाते यावर लिहिलं, तेव्हा दोन-तीन मित्रांचे फोन आले. पाठीवर बोलून झालं की प्रत्येकाचा आवाज जरा खाली यायचा. "यार, पाठीचं सोड, दमच राहिला नाही. घरी आलो की संपलो." एकाने पुढचं वाक्यही बोलून टाकलं, "आणि बाकीचं पण... समजलास ना?" समजलो. कारण दीड वर्ष मी स्वतः त्याच गाडीत बसलो होतो. संपादकांना विचारलं, यावर लिहिलं तर छापाल का? त्या म्हणाल्या, "लिहा, फक्त आपलं मासिक आज्यासुद्धा वाचतात हे लक्षात ठेवा." तर आज्यांनाही नमस्कार.

या "बाकीचं पण"ला आमच्या घरात शब्दच नव्हता. मराठीत कामेच्छा हा शब्द आहे, पण तो वापरून बोलणारं नवरा-बायकोचं जोडपं मी अजून पाहिलेलं नाही. आम्ही दोघं "थकलोय" म्हणायचो. त्या एका शब्दात सगळं भागायचं. लग्नाला पाच वर्षं झाली होती, बाळाचा विचार पक्का झाला होता, आणि नेमका तेव्हापासून मी विझत गेलो. आठवड्यातून तीन रात्री अमेरिकेच्या टीमबरोबर कॉल, ते संपेपर्यंत एक वाजतो, म्हणून आधी सगळा दोष त्यांना दिला. सुट्टीच्या दिवशी नऊ तास झोपूनही उठताना अंग शिशाचं वाटायचं. आणि इच्छा? ती कमी झाली असं म्हणणंही बरोबर नाही. ती आहे की नाही हे तपासायचीही इच्छा नव्हती.

एका रात्री बायको शांतपणे म्हणाली, "तुला मी नकोय, की बाळ नकोय? एक काय ते सांग." मला दोन्ही हवं होतं. पण ते पटेल असं माझ्याजवळ दाखवण्यासारखं काहीही नव्हतं.

मग इंजिनिअर माणूस जे करतो ते केलं. आकडे मागवले. ऑफिसमध्ये आरोग्य शिबिर होतं, तिथे पुरुषांसाठी खास पॅकेज होतं, ऐंशीच्या वर चाचण्या आणि वर सवलत. दुपारी जेवून वर गेलो, रांगेत थांबलो, चार वाजता रक्त दिलं. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर रिपोर्ट आला. टेस्टोस्टेरॉन २१४, लाल अक्षरात, शेजारी खाली वळलेला बाण. खरं सांगू? मला बरं वाटलं. दीड वर्षाने काहीतरी सापडलं होतं, आणि ते माझ्या मनात नव्हतं, रक्तात होतं.

त्याच संध्याकाळी एका वेलनेस सेंटरमधून फोन आला. माझा रिपोर्ट त्यांच्यापर्यंत कसा गेला हे विचारायचं मला सुचलंही नाही. "सर, तुमची लेव्हल साठीच्या माणसासारखी आहे. इंजेक्शनचा कोर्स घ्या, महिनाभरात फरक पडेल." शनिवारची वेळ ठरली. आगाऊ पैसेही भरले.

शुक्रवारी रात्री नांदेडच्या मामेबहिणीचा फोन आला. ती एमडी मेडिसिन आहे आणि लहानपणापासून मला कान धरून सरळ करत आलेली आहे. फोन खरं तर मामाच्या मोतीबिंदूबद्दल होता. माझा आवाज ऐकून तिने विचारलं, बरा आहेस का. ताईला हे सांगायचं म्हणजे काय, हे भाऊ असलेल्यांना कळेल. मी भिंतीकडे तोंड करून सांगितलं.

ती आधी हसली. "चार वाजता? पोटभर जेवून? अरे, ते हार्मोन सकाळी सगळ्यात वर असतं. तुझ्या वयाच्या पुरुषात दुपारी चारला ते पाचव्या-चौथ्या हिश्श्याने खाली आलेलं असतं. त्यात जेवल्यावर आणखी उतरतं. सकाळी सात ते दहामध्ये, उपाशीपोटी, आणि तेही दोन वेगवेगळ्या दिवशी. दोन्ही वेळा कमी आलं तरच कमी." मग तिचा आवाज बदलला. "तुम्हाला बाळ हवंय ना रे? आणि तू ते इंजेक्शन घ्यायला निघालास?"

ही गोष्ट मला माहीत नव्हती. ऑफिसमध्ये नंतर ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांतल्या एकालाही माहीत नव्हती. म्हणून जरा सविस्तर सांगतो. टेस्टोस्टेरॉन वृषणांत तयार होतं, पण हुकूम वरून येतो. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, ती एलएच आणि एफएसएच नावाचे दोन हार्मोन खाली पाठवते. एलएच सांगतो टेस्टोस्टेरॉन बनवा, एफएसएच शुक्राणूंचं काम पाहतो. रक्तात माल पुरेसा दिसला की वरचा हुकूम मंदावतो. बाहेरून इंजेक्शन दिलं की मेंदूला वाटतं माल भरपूर आहे, आणि तो हुकूम देणंच थांबवतो. रक्तातला आकडा छान दिसतो, पण शुक्राणू खाली येतात, कधी कधी शून्यावर. औषध बंद केल्यावर ते परत यायला महिने लागतात, वर्षही लागतं, आणि प्रत्येकाचे पूर्ण परत येतातच असं नाही. मूल हवं असलेल्या पुरुषाला हे औषध द्यायचं नसतं. मला फोनवर कोणी विचारलं नव्हतं की मूल हवंय का.

शनिवारची वेळ रद्द केली. आगाऊ भरलेले पैसे गेले ते गेले.

ताईने इथल्याच एका हार्मोनच्या डॉक्टरांचं नाव दिलं. त्यांनी दोन तारखा दिल्या, मध्ये आठवडा. आदल्या दोन्ही रात्री कॉल नको, झोप नीट झाली पाहिजे. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता, दहा धडधाकट तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन दहा ते पंधरा टक्क्यांनी घसरलं. हे ऐकून मी आमच्या टीमचं रात्रीचं वेळापत्रक जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. रात्रपाळी करणाऱ्यांनी डॉक्टरांना हे आधीच सांगावं, कारण त्यांची "सकाळ" घड्याळातली नसते, झोपून उठल्यानंतरची असते. ताप, सर्दी, नुकतंच आजारपण असेल तर तपासणी पुढे ढकलावी, तेव्हा आकडा खाली जातोच.

आणि एक, जे मला अगदी अनपेक्षित होतं. नर्सने विचारलं, "केसांसाठी काही घेता का?" घेत होतो, बायोटिन. केस गळायला लागल्यावर आमच्या पिढीत कोण घेत नाही! बऱ्याच प्रयोगशाळांच्या यंत्रांत चाचणीच्या रसायनालाच बायोटिन जोडलेलं असतं. रक्तात ते जास्त असलं की यंत्र फसतं. थायरॉइडचे टी-३, टी-४ आणि टेस्टोस्टेरॉन खोटे जास्त दिसू शकतात, टीएसएच आणि प्रोलॅक्टिन खोटे कमी. दोन-तीन दिवस आधी बंद करायला सांगितलं. रिपोर्टमध्ये ही टीप कुठेही नसते.

सकाळी साडेसातला मुलगा घरी आला, उपाशीपोटी रक्त घेऊन गेला. आठवड्याने पुन्हा. पहिल्यांदा २६२, दुसऱ्यांदा २४८. आकडे नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांची संघटना ३०० ही सीमा धरते. म्हणजे चार वाजताचा रिपोर्ट चुकीच्या वेळचा होता, पण कमी होतं हे खरंच होतं. मी ताईला जरा विजयाने कळवलं. ती म्हणाली, "कमी आहे हे उत्तर नाही रे, तो प्रश्न आहे. का कमी आहे?"

नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जावा भाग. इतकं कमी काही रक्तात मोजता येतं हेच मला नवल वाटतं. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या ब्रॉंक्सच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी खूण लावून रक्तातलं इन्शुलिन मोजण्याची पद्धत बसवली, आणि त्यातूनच पुढे एकेक हार्मोन मोजता यायला लागला. त्यांनी पेटंट घेतलं नाही. यॅलोबाईंना १९७७ साली नोबेल मिळालं, तोवर बर्सन गेले होते. आपण सवलतीत जे पॅकेज घेतो, त्याच्या मुळाशी हे आहे. असो.

दुसऱ्या सॅम्पलबरोबर एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन आणि टीएसएच केलं होतं. याचं गणित सरळ आहे. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच खूप जास्त, म्हणजे वरचा साहेब ओरडतोय पण कारखाना चालत नाही. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएचही कमी किंवा नुसताच जेमतेम, म्हणजे कारखाना ठीक असेल, साहेबच गप्प आहे. माझा एलएच १.९ होता. साहेब गप्प. टीएसएच उत्तम. आणि प्रोलॅक्टिन ५८, त्या प्रयोगशाळेची पुरुषांची मर्यादा १८ च्या आसपास.

प्रोलॅक्टिन हे बाळंतिणीला दूध आणणारं हार्मोन. पुरुषातही थोडं असतं. ते वाढलं की वरचा हुकूम दबतो, टेस्टोस्टेरॉन पडतं, इच्छा जाते. का वाढतं, याच्या यादीत पिट्युटरीची गाठही आहे. ते वाचल्यावर दोन रात्री मी काय केलं हे सांगायला नको. शोध घेण्यात आपण तरबेज ना! पहाटे तीनला बायकोने लॅपटॉप बंद केला आणि शेजारी बसून राहिली. खूप दिवसांनी आम्ही "थकलोय" हा शब्द न वापरता बोललो.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, "कोणत्या गोळ्या चालू आहेत?"

"काही नाही."

बायकोने माझी बॅग उघडली, पुढच्या कप्प्यातून एक पट्टी काढून टेबलावर ठेवली. "ही रोज सकाळी घेतो."

ॲसिडिटीची कॅप्सूल. ती काय गोळी झाली? दीड वर्षापूर्वी एका जनरल प्रॅक्टिशनरने दहा दिवसांसाठी लिहून दिली होती. बरं वाटलं, म्हणून पुढे मेडिकलमधून पट्टी आणत राहिलो. कोणी चिठ्ठी मागितली नाही, मी दाखवली नाही. डॉक्टरांनी पट्टी उलटी करून मागची बारीक अक्षरं मला वाचायला लावली. राबेप्राझोल आणि लेव्होसल्पिराइड. पहिलं आम्ल कमी करतं. दुसरं पोट पुढे ढकलतं, पण ते डोपामिनची वाट अडवून. आणि प्रोलॅक्टिनला लगाम घालणारा मेंदूतला पदार्थ म्हणजे डोपामिनच. लगाम सुटला, प्रोलॅक्टिन वर गेलं. डोम्पेरिडोनही हेच करतं, आणि तेही अशाच कॅप्सूलमध्ये आम्लाच्या औषधाबरोबर घातलेलं असतं. तुमच्या घरातली पट्टी आत्ता उलटी करून पाहा.

तारखा मागे मोजल्या तर बाळाचं ठरवलं आणि कॅप्सूल सुरू झाली, यात जेमतेम महिन्याचं अंतर होतं. आमच्या धंद्यात प्रॉडक्शन बंद पडलं की पहिला प्रश्न असतो, शेवटचा बदल काय केला होता? तो मी स्वतःला दीड वर्षात एकदाही विचारला नाही.

कॅप्सूल बंद झाली, साधं आम्लाचं औषध थोडे दिवस, रात्रीचं जेवण कॉलच्या आधी. चार आठवड्यांनी प्रोलॅक्टिन ११. एमआरआयची गरज पडली नाही. तीन महिन्यांनी सकाळचं टेस्टोस्टेरॉन ४३१. इच्छेचा आकडा नसतो, पण आजींच्या समोर इतकंच सांगतो की घरात हसणं वाढलं.

सगळ्यांचं असंच सुटेल असं मी म्हणत नाही. गोळी बंद करूनही प्रोलॅक्टिन उतरलं नाही, किंवा फार जास्त आलं, किंवा डोकेदुखी आणि बाजूचं नीट न दिसणं असं काही असेल, तर एमआरआय करावाच लागतो. तिथली गाठ बहुतेक वेळा कर्करोगाची नसते आणि अनेकदा नुसत्या गोळ्यांनी आटोक्यात येते. मानसिक आजारावरची काही औषधंही प्रोलॅक्टिन वाढवतात. ती स्वतःच्या मनाने बंद करू नका, हे हात जोडून सांगतो, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशीच बोला. आणि पोट सुटलेलं असेल, रात्री घोरून मध्येच श्वास अडकत असेल, तर तेही टेस्टोस्टेरॉन खाली ओढतं. नैराश्य मात्र कुठल्याच नळीत दिसत नाही, नवरा-बायकोतला अबोलाही दिसत नाही.

जाता जाता पॅकेजबद्दल. "नॉर्मल" म्हणजे निरोगी माणसांपैकी ९५ टक्के ज्या पट्ट्यात बसतात तो पट्टा. म्हणजे ठणठणीत माणसाचीही प्रत्येक चाचणी पट्ट्याबाहेर जायची शक्यता पाच टक्के. चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या, तर वीस चाचण्यांत निदान एक लाल अक्षर येण्याची शक्यता ६४ टक्के होते. ऐंशी चाचण्यांचं तुम्हीच काढा. माझ्या पहिल्या रिपोर्टमध्ये सात लाल अक्षरं होती, आणि ऐंशीच्या वर चाचण्यांत प्रोलॅक्टिन नव्हतं.

आता खरी लाजेची गोष्ट. माझी फाइल मिटताना डॉक्टरांनी बायकोकडे पाहून विचारलं, "आणि तुम्ही? तुमचं काय काय तपासलंय?" ती म्हणाली, "माझं काही नाही, मी नुसती दमते." बँकेतली नोकरी, घर, पाळीच्या दिवसांत तीन-तीन दिवस नको होणारा त्रास. दोन वर्षं ती "दमले" म्हणत होती आणि मी ते ऐकत होतो, जसा पंख्याचा आवाज ऐकतो. माझ्यासाठी पाच वेळा रक्त गेलं होतं, तिचं एकदाही नाही.

हिमोग्लोबिन ९.८ आलं. बायकांत १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, ७. तीसच्या खाली गेला तरी साठा संपत आला असं डॉक्टर धरतात. थायरॉइड ठीक होतं. मी शहाणपणाने विचारलं, हिचंही टेस्टोस्टेरॉन बघायचं का? डॉक्टर म्हणाले, बायकांत इच्छा कमी असण्याचं निदान त्या आकड्यावरून होत नाही, तशी सीमारेषाच ठरलेली नाही. थायरॉइड, लोह, पाळी अनियमित असेल तर प्रोलॅक्टिन, चालू असलेल्या गोळ्या, झोप, आणि घरात कामाची वाटणी कशी आहे, हे विचारायचं. शेवटचं त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं.

तिच्या लोहाच्या गोळ्या चालू आहेत. पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन आलो. जेवणाबरोबर चहा बंद, कारण चहा लोह शोषू देत नाही. हैदराबादेत राहून इराणी चहाला वेळ ठरवणं म्हणजे काय शिक्षा आहे हे इथल्यांना सांगायला नको. तो आता जेवणानंतर दोन तासांनी. भांडी माझ्याकडे, कॉल असला तरी.

त्यानंतरच्या रविवारी काचीगुड्याला आई-बाबांकडे गेलो होतो. देवघराशेजारच्या औषधांच्या स्टीलच्या डब्यात तशीच पट्टी निघाली. "कधीपासून घेता, बाबा?" "कोण जाणे, बरीच वर्षं. पोटाला बरं असतं." वयस्कर माणसांत या औषधाने हात थरथरायला लागू शकतात, असं डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. बाबांचा कप हल्ली बशीवर वाजतो. आम्ही वय समजत होतो. पट्टीचा फोटो ताईला पाठवला, तिने लगेच लिहिलं, "काकांना घेऊन ये, त्यांची सगळी औषधं पिशवीत घालून आण. मोठ्या माणसांचं फोनवर नाही."

बाळाचं विचाराल, तर अजून काही नाही. माझी वीर्यतपासणी चांगली आली आहे, तिचं फेरिटिन वर सरकतंय, आणि घाई नाही असं आम्ही दोघांनी ठरवलंय, आईला मात्र अजून सांगितलेलं नाही. पुढचं सॅम्पल येत्या मंगळवारी. साडेसातला मुलगा येईल. या वेळी पावतीवर दोन नावं आहेत, तिचं वर.